बाळ रांगू लागल्यावरही बाटली उकळावी का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे दुधाच्या बाटलीविषयी आहेत. एक बेळगावातील शहापूरचे, दुसरे खानापूर तालुक्यातील एका गावचे आणि तिसरे निपाणीजवळचे. विषय एकच असल्याने तिन्हींची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा नुकताच दहा महिन्यांचा झाला. मी कामावर जात असल्याने तो दिवसातून तीन वेळा बाटलीने पावडरचे दूध पितो आणि मी घरी असताना अंगावर पितो. आजपर्यंत मी प्रत्येक वेळी बाटली उकळून घेत आले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या नणंदबाई म्हणतात की वर्षभर उकळायलाच हवे. अमेरिकेतील मैत्रीण म्हणते की दोन महिन्यांनंतर तिने कधीच उकळली नाही. सासूबाईंचे म्हणणे असे, की पोर दिवसभर फरशीवर रांगते, चपलासुद्धा तोंडात घालते, मग बाटली उकळून काय साधते? आमच्या गल्लीत नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते पिंपात भरून ठेवावे लागते. बाटल्या वाफेने निर्जंतुक करण्याचे यंत्र घ्यावे का, हेही कळवावे.

— एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : नणंदबाई आणि मैत्रीण दोघीही आपापल्या देशात मिळालेला सल्ला बरोबर सांगत आहेत, पण दोघींपैकी कोणाचाही सल्ला जसाच्या तसा तुमच्या घरी लागू पडत नाही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा बाळ १२ महिन्यांचे होईपर्यंत बाटल्या निर्जंतुक करायला सांगते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या मते दोन महिन्यांहून लहान बाळ, मुदतीआधी जन्मलेले बाळ आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेले बाळ यांच्या बाटल्या रोज निर्जंतुक कराव्यात. त्याहून मोठ्या, निरोगी बाळासाठी दर वेळी काळजीपूर्वक धुणे बहुधा पुरते. मात्र हा दुसरा सल्ला ज्या घरांसाठी लिहिला आहे, तिथे नळ केव्हाही सोडला तरी पिण्यायोग्य पाणी दाबाने येते आणि पुष्कळ घरांत भांडी गरम पाण्याने धुणारे यंत्र असते. या दोन्ही गोष्टी गृहीत धरून दिलेली सूट आपण पिंपातल्या पाण्याच्या भरवशावर घेऊ नये.

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल येथून येणारे पाणी शुद्ध करूनच सोडले जाते, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. अडचण पुढच्या प्रवासात आहे. ज्या प्रभागांत चोवीस तास पाणी आहे, तिथे जलवाहिनीत सतत दाब असतो आणि बाहेरचे काही आत शिरायला सहसा वाव मिळत नाही. जिथे पाणी काही दिवसांआड येते, तिथे मधल्या काळात वाहिनी रिकामी पडते, दाब नाहीसा होतो आणि सांध्यांतून, चिरांतून आजूबाजूची ओल आत ओढली जाते. शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये या दोन्ही प्रकारच्या पुरवठ्यांची तुलना करणारा अभ्यास झालेला आहे. खंडित पुरवठ्याच्या नळांच्या पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू कितीतरी अधिक वेळा सापडले. यानंतर ते पाणी घरात चार-पाच दिवस साठून राहते, त्यात घरातला प्रत्येक जण तांब्या बुडवतो, आणि तांब्याबरोबर बोटेही बुडतात. बाटली कितीही घासली तरी शेवटी ती याच पाण्याने विसळली जाते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की प्रत्येक दुधामागे उकळण्याची आता गरज नाही, परंतु बाळ वर्षाचे होईपर्यंत दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, सगळ्या बाटल्या आणि बुचे (बाळ चोखते ती रबरी निपले) उकळून ठेवावीत. दिवसभरात प्रत्येक वापरानंतर बाटली साबणाने नीट धुवावी आणि शेवटचे विसळणे तेवढे उकळून गार केलेल्या पाण्याने करावे. तुमच्याकडे तीन बाटल्या असतील तर तिन्ही एकदम उकळता येतात आणि दिवसा पुन्हा गॅस पेटवावा लागत नाही. बाळ मुदतीआधी जन्मलेले असेल, त्याच्या तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे आले असतील किंवा नुकतेच जुलाब होऊन गेले असतील, तर मात्र प्रत्येक वेळी उकळण्याची जुनी पद्धत काही दिवस पुन्हा सुरू करावी.

सासूबाईंचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हा प्रश्न मला दवाखान्यात अनेकदा विचारला जातो आणि त्यात निम्मे तथ्य आहे. रांगणारे मूल रोज नाना प्रकारचे जंतू पोटात घेते आणि त्यातले बहुतेक त्याला काही करत नाहीत. पण फरशी कोरडी असते. तिच्यावर जंतू असले तरी त्यांना वाढायला अन्न नसते, त्यामुळे बाळाच्या तोंडात जातात ते थोडेच. दुधाचे तसे नाही. कोमट दुधात साखर आहे, प्रथिने आहेत, ओल आहे. अशा ठिकाणी काही जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. या हिशेबाने सकाळी बुचाच्या कडेला राहिलेल्या एका जंतूचे पाच तासांत हजार होतात, आणि हे हजार एका घोटात पोटात जातात. फरशीवरचे जंतू आणि बाटलीतले जंतू जातीने एकच असू शकतील, संख्येने नव्हेत, आणि जुलाब लागणे पुष्कळदा संख्येवर ठरते. तेव्हा चपला तोंडात घालू देऊ नयेत हे खरेच, पण चपलेच्या नावाने बाटलीला सूट देऊ नये.

आता धुण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण उकळण्याविषयी सर्वजण विचारतात आणि धुण्याविषयी सहसा कोणी विचारत नाही. मागे एक आई आठ महिन्यांच्या मुलीला वारंवार होणाऱ्या जुलाबांसाठी घेऊन आली. बाटली दिवसातून दोनदा उकळते असे ती शपथेवर सांगत होती आणि ते खरेही होते. तिच्या पिशवीतली बाटली मी मागून घेतली, झाकणाची कडी फिरवून वेगळी केली आणि रबरी बूच कडीतून खाली ओढून काढले. बुचाच्या ज्या कडेवर कडी घट्ट बसते, त्या खाचेत पिवळसर, दह्यासारख्या थराचे पूर्ण वर्तुळ जमलेले होते. नखाने खरवडले तेव्हा आंबूस वास आला. कडी आणि बूच एकमेकांपासून सुटे करता येतात हेच तिला कोणी सांगितले नव्हते. बाटली दोनदा उकळत होती ती या थरासकट.

दुधाचा थर उकळल्याने निघत नाही, उलट पक्का होतो. बेळगावकरांना हे समजावून सांगायला नको. दूध आटवून कुंदा करताना कढईच्या कडेला काय चिकटून बसते आणि ते काढताना हाताची काय अवस्था होते, हे आपल्याला ठाऊक आहे. अशा थराखाली काही जिवाणू बीजरूपाने दडून राहतात, ती बीजे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत आणि नवे दूध ओतले की जागी होतात. म्हणून बाळाने बाटली सोडली की ती ओट्यावर तशीच न ठेवता आधी साध्या, गार किंवा कोमट पाण्याने खळबळून घ्यावी. पहिलेच पाणी कढत घेतले तर दुधातली प्रथिने काचेला आणि रबराला धरतात. त्यानंतर बाटली, कडी, बूच आणि टोपण असे सर्व भाग सुटे करून साबणाच्या गरम पाण्यात घासावेत. बूच मोज्यासारखे उलटे करून बोटाने चोळावे. बुळबुळीत लागले तर ते अजून स्वच्छ झालेले नाही. मग सुलटे करून त्यात पाणी भरावे आणि दाबून ते पाणी भोकातून पिचकारीसारखे बाहेर काढावे. बाटलीचा ब्रश आणि घमेले वेगळे ठेवावे. ज्या घासणीने आमटीचे पातेले घासले, तिने बाटली घासू नये, आणि मोरीत ठेवून तर मुळीच धुवू नये.

उकळण्यासाठी एखादे मोठे पातेले केवळ याच कामाला ठेवावे. सर्व भाग पाण्यात पूर्ण बुडाले पाहिजेत. बाटलीत हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढा भाग वर तरंगत राहतो, म्हणून वरून ताटली दाबून ठेवावी. पाण्याला खळखळून उकळी आल्यानंतर दहा मिनिटे मोजावीत. अमेरिकेत पाच मिनिटे सांगतात, ब्रिटनमध्ये दहा. गॅस थोडा जास्त जळेल, पण मी दहा सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९७-९८ अंशांना उकळते, तेवढ्याने काम होते का, असे एका अभियंता वडिलांनी मला विचारले होते. होते, दहा मिनिटांत त्या फरकाने काही अडत नाही. उकळलेल्या वस्तू चिमट्याने काढून, पाणी झटकून, स्वच्छ जाळीवर उपड्या वाळू द्याव्यात. फडक्याने पुसू नयेत. स्वयंपाकघरातले फडके दिवसभरात काय काय पुसते, हे आठवले तरी पुरे.

एक गोष्ट उकळण्याहूनही महत्त्वाची आहे. पावडरचा डबा सीलबंद असला तरी पावडर निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पावडर कालवताना पाणी किमान ७० अंश सेल्सिअस असावे, म्हणजे उकळलेले पाणी खाली उतरवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत वापरावे, आणि मग बाटली गार पाण्यात धरून दूध बाळाला सोसेल इतके निववावे. आपल्याकडे बहुतेक घरांत थर्मासमधले कोमट पाणी आणि पावडर एकत्र करून बाटली हलवली जाते. अशा वेळी उकळलेल्या बाटलीत न उकळलेली पावडर जाते. तयार केलेले दूध दोन तासांत संपवावे, आणि बाळाने एकदा तोंड लावले असेल तर तासाभराने उरलेले फेकून द्यावे. उरलेले दूध पुन्हा गरम करून पाजण्याची काटकसर करू नये.

वाफेच्या यंत्राची तुम्हाला आवश्यकता नाही. घेतले तर वापरावे, वाया जाणार नाही. परंतु ते पातेल्याहून अधिक काही करत नाही, आणि बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर त्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, तो वरचेवर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने काढावा लागतो. कोणत्या कंपनीची बाटली घ्यावी, असेही काही वाचक विचारतात. त्याचे उत्तर मी देणार नाही. बाटल्या आणि बाळाच्या दुधाच्या पावडरी यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात बंदी आहे आणि २००३ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली आहे. कायदा नसता तरी दिले नसते.

प्रश्न : सा. न. वि. वि. माझी नात सात महिन्यांची आहे. सून आजारी असल्याने वरचे दूध द्यावे लागते. आम्ही विहिरीचे पाणी वापरतो आणि पावसाळ्यात ते गढूळ होते. चुलीवर प्लास्टिकची बाटली उकळली तर ती पांढरट पडली आणि एकीचा तळ वाकडा झाला. आमची भांडी राखेने लख्ख निघतात, तशी बाटली घासली तर चालेल काय? माझ्या मुलांना मी बोंडल्याने (चोचीच्या छोट्या वाटीने) दूध पाजले, तेव्हा बाटली हवीच कशाला, असे मला वाटते. पण घरातील तरुण मंडळी ऐकत नाहीत.

— एक आजी, खानापूर तालुका

उत्तर : आजी, घरातील तरुण मंडळींना हे उत्तर वाचून दाखवावे, कारण मी तुमच्या बाजूचा आहे. जागतिक आरोग्य संघटनाही बाटलीऐवजी वाटी किंवा पेला सुचवते. कारण तुम्हाला सांगायला नकोच: वाटी उघडी असते, तिला ना खाच ना भोक, धुतली की आतपर्यंत दिसते. तुमची नात सात महिन्यांची आहे, म्हणजे आधाराने बसत असेल. तिला मांडीवर ताठ बसवावे, स्टीलची छोटी वाटी खालच्या ओठाला टेकवावी आणि दूध ओठापर्यंत आणून थांबावे, म्हणजे ती स्वतःहून ओढून घेते. घशात ओतू नये. पहिले चार दिवस अंगावर सांडेल, त्याला इलाज नाही.

बोंडलेही चालेल, पण दोन अटींवर. पूर्वी बाळाला आडवे पाडून, पाय धरून बोंडल्याने दूध ओतण्याची जी पद्धत होती ती नको. त्याने दूध श्वासनलिकेत जाते आणि छातीत कफ भरल्यासारखे होते तो कफ नसून दूधच असते. दुसरे, बोंडल्याची चोच अरुंद व बंद नळीसारखी असेल तर तिच्यात दूध साठते आणि ते बाटलीच्या बुचाइतकेच त्रासदायक ठरते. चोच वरून उघडी, पन्हाळीसारखी असेल तेच बोंडले घ्यावे.

राखेने बाटली घासू नये. राखेने स्टील-पितळ निघते, पण प्लास्टिकला बारीक चरे पडतात आणि प्रत्येक चऱ्यात दुधाचा अंश अडकतो. तळ वाकडा झालेली बाटली टाकूनच द्यावी. चुलीवर उकळताना प्लास्टिक पातेल्याच्या तळाला टेकले आणि जाळ मोठा असला की असे होते. तळाशी स्वच्छ कापडाची घडी ठेवावी व पाणी भरपूर घ्यावे. शिवाय उष्णतेने प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटतात. डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांबाबत हे दाखवले, आणि पाणी जितके गरम तितके कण अधिक, असे त्यांना आढळले. त्या कणांनी बाळाला नेमका काय अपाय होतो हे सिद्ध झालेले नसल्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, मात्र बाटली उकळल्यानंतर उकळून गार केलेल्या पाण्याने एकदा विसळावी आणि कढत दूध प्लास्टिकमध्ये न ओतता स्टीलच्या भांड्यात कालवून, निववून मग ओतावे. काचेची बाटली किंवा स्टीलची वाटी असेल तर हा प्रश्नच येत नाही.

विहिरीच्या गढूळ पाण्यासाठी घागरीत पाणी रात्रभर निवळू द्यावे, वरचे निवळ पाणी दुहेरी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे आणि मग ते खळखळून उकळावे. गाळल्याने गाळ जातो, जंतू जात नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, गाळ जात नाही. कनकुंबी, जांबोटीकडच्या पावसात शेणखताची आणि गोठ्याची घाण वाहून थेट विहिरीच्या काठाशी येते, तेव्हा जूनपासून दिवाळीपर्यंत नातीची वाटी आणि चमचासुद्धा दिवसातून एकदा उकळलेले बरे. उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि दांडीच्या ओगराळ्याने काढावे. आशाताई घरी येतील तेव्हा नातीचे वजन करून तायी कार्डावर (आई-बाळाच्या आरोग्याच्या सरकारी कार्डावर) नोंदवून घ्यावे. वरच्या दुधावर असलेल्या बाळाचे वजन दोन महिने वाढले नाही, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

प्रश्न : मी तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. मुलगी चौदा महिन्यांची असून ती शेजारच्या काकूंकडे असते. सकाळी सात वाजता मी दोन बाटल्या उकळून त्यांत गाईचे दूध भरून देते. एक ती दहाच्या सुमारास पिते आणि दुसरी दुपारी दोनला. बाटल्या चांगल्या उकळूनही तिला महिन्यातून एकदा जुलाब होतातच. माझे काय चुकते?

— एक आई, निपाणीजवळ

उत्तर : बाटली उकळण्यात तुमचे काही चुकत नाही. दोन वाजता प्यायले जाणारे दूध सात तास बाहेर राहते, हे कारण आहे. बाटली निर्जंतुक असली तरी दूध, बूच आणि हात यांतून थोडे जंतू येतातच, आणि निपाणीच्या उन्हाळ्यात सात तासांत त्यांना हवे तेवढे वाढता येते. काकूंकडे फ्रिज असेल तर दूध भरताच त्यांच्याकडे द्यावे, तुमच्या निघण्याची वाट पाहू नये. फ्रिज नसेल तर त्यांनाच दहाला आणि दोनला ताजे दूध आणून, उकळून द्यायला सांगावे. तेही जमत नसेल तर दुपारचे दूध बंद करून वरण-भात किंवा नाचणीची ताजी खीर द्यावी आणि दूध तुम्ही घरी आल्यावर पाजावे. चौदा महिन्यांच्या मुलीचे दुपारच्या दुधावाचून काही अडत नाही.

तिला आता बाटलीचीही गरज नाही. वर्षानंतर बाटली सोडवावी, आणि रात्री तोंडात बाटली ठेवून झोपण्याची सवय असेल तर ती आधी, कारण वरचे पुढचे दात त्यानेच किडतात. एकदम न काढता आधी दुपारची, मग सकाळची आणि शेवटी रात्रीची (झोपण्यापूर्वी, जागेपणी प्यायची) बाटली पेल्यावर आणावी. पेला साबणाने धुतला की झाले, तो रोज उकळत बसायला नको.

वखारीतून आल्यावर मुलीला जवळ घेण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत आणि कामाचे लुगडे बदलावे. तंबाखूची धूळ अंगावर घेऊन दूध पाजणे किंवा भरवणे योग्य नाही. जुलाब सुरू झाले तर अंगावरचे दूध व खाणे बंद करू नये, क्षार-संजीवनीचे (ओआरएस) एक लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवून ते थोडे थोडे चमच्याने द्यावे, आणि झिंकच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस पूर्ण कराव्यात, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. शौचात रक्त दिसले, मुलगी पाणीही पिईनाशी झाली, डोळे खोल गेले किंवा ती सुस्त पडून राहिली, तर त्या दिवशी कामावर न जाता तिला थेट दवाखान्यात न्यावे.